बाकी सर

मधल्या सुट्टीनंतर दहा-बारा पोरं मागच्या जिन्यानं गुपचूप उतरताना दिसली की समजावं, बाकी सर फॉर्म घेऊन वर्गात शिरलेत. कसला फॉर्म, हे विचारायची गरज नसते. गणित संबोध, गणित प्रावीण्य, गणित प्रज्ञा, स्कॉलरशिप, एनएमएमएस, ऑलिंपियाडची पहिली पायरी असलेली आयओक्यूएम. महाराष्ट्रातल्या शाळकरी पोराची रविवारची झोप मोडू शकेल अशी कुठलीही परीक्षा सरांच्या कापडी पिशवीत सापडते. पिशवीत जागा उरली तर शेजारच्या शाळेत विज्ञानवाल्यांना नको असलेले होमी भाभाचे फॉर्मही ते घेऊन येतात. फुकट जायला नकोत म्हणून.

'बाकी सर' हे नाव मुलांनी ठेवलेलं. खरं आडनाव मस्टरवर आहे, पण आता शिपाईमामासुद्धा "बाकी सरांना हेडसरांनी बोलावलंय" असंच येऊन सांगतात. सरांना जगातली प्रत्येक गोष्ट कशानं तरी भागायची असते आणि भागून झालं की "बाकी किती?" असं विचारायचं असतं. शिक्षकदिनाचे पेढे वाटले, बाकी किती? खडूची पेटी उघडली, बाकी किती? एकदा एका पालकानं तावातावानं सांगितलं, "सर, पोरगा घरी अजिबात अभ्यास करत नाही, नुसता तीन तास मोबाईल." सर शांतपणे म्हणाले, "बरं. चोवीसातनं तीन गेले. बाकीच्यात काय करतो?" पालकाला उत्तर देता येईना.

फॉर्म भरून घेताना त्यांचं एकच वाक्य असतं. "बसून तर बघ, जातंय काय?"

जातं ते शुल्क. ते पोरानं आणलं नाही की सर स्वतः भरतात आणि काळ्या डायरीत 'येणे' या सदराखाली लिहून ठेवतात. ही डायरी मी पाहिली आहे. तिच्यात येणे आहे, पण आलेले असं सदरच नाही. ज्यांची नावं पहिल्या पानांवर आहेत त्यांची पोरं आता आमच्या पाचवीत आहेत आणि सर त्यांचेही फॉर्म भरतायत.

वर्गातल्या हुशार मुलांना बसवायचं, बक्षीस आलं की फलकावर नाव लिहायचं, पेपरात फोटो द्यायचा, हे कुठलीही शाळा करते. सरांना हुशार मुलांत फारसा रस नाही. "ती आपोआप बसतात," म्हणतात. त्यांना हवी असतात मागच्या बाकावरची, गणिताच्या तासाला खिडकीतून एसटी मोजणारी. "मोजतोय ना? मग झालं." अशा पोराला ते स्कॉलरशिपला बसवतात, दीडशे-दीडशे गुणांच्या दोन पेपरना, आणि परीक्षा झाल्यावर विचारतात ते एवढंच, "शेवटपर्यंत बसलास ना?" निकालाच्या दिवशी सर पेढे वाटतात. निकाल काय लागला ते पेढे संपल्यावर कळतं.

स्कॉलरशिप आठवीला होती तेव्हा तिच्या पेपरात काही प्रश्नांना दोन पर्याय बरोबर असत आणि दोन्ही गोल रंगवावे लागत. त्यावरून एक पालक भांडायला आले होते. "एका प्रश्नाला दोन उत्तरं बरोबर कशी? पोरांना काय राजकारण शिकवताय काय?" सरांनी त्यांना बसवलं, चहा सांगितला आणि x चा वर्ग बरोबर नऊ हे समीकरण समजावून दिलं. अधिक तीन आणि उणे तीन. गृहस्थ अर्ध्या तासानं बाहेर आले ते जरा गोंधळलेले होते आणि त्यांच्या हातात धाकट्या मुलीचा फॉर्म होता.

एनएमएमएसच्या बाबतीत मात्र सर चेष्टा करत नाहीत. ही परीक्षा आठवीतल्या, कमी उत्पन्नाच्या घरातल्या मुलांसाठी. पास होऊन निवड झाली तर नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला बारा हजार रुपये. तहसीलच्या उत्पन्नाच्या दाखल्यासाठी बापाला रोजगार बुडवून हेलपाटे घालावे लागतात, म्हणून सर स्वतःच चार-पाच जणांचे कागद घेऊन तहसील कचेरीत जाऊन बसतात. तिथले कारकून त्यांना ओळखतात. लांबून पिशवी दिसली की एकमेकांना खुणावतात आणि दाखले हातावेगळे करतात, कारण सर रांगेत उभे राहिले की टोकन क्रमांकांवर बोलायला लागतात.

सरांचं दैवत द. रा. कापरेकर. देवळालीच्या शाळेत शिकवणारा माणूस, मोठी पदवी नाही, विद्यापीठात जागा नाही, आणि १९७५ मध्ये मार्टिन गार्डनरनं 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये त्यांच्यावर लिहिलं तेव्हा कुठं जगाला ते ठाऊक झाले. सर हे सांगताना 'देवळालीच्या शाळेत' या शब्दांवर थोडं थांबतात. रामानुजनचा फोटो प्रत्येक शाळेत असतो, आमच्याकडे शेजारी कापरेकरांचाही आहे. सरांनी स्वतः फ्रेम करून आणलेला. २२ डिसेंबरला, राष्ट्रीय गणित दिनी, हार दोघांना एकाच लांबीचे.

आणखी एक. १९९६ साली आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाड मुंबईत भरलं होतं. सहाच प्रश्न, दोन दिवस, रोज साडेचार तास. हे ऐकून पोरं पहिल्यांदा खूष होतात ("सहाच?") आणि मग साडेचार तासांत तीन, हा हिशेब झाला की गप्प होतात. सर ही गोष्ट "मी तेव्हा तिकडेच होतो" अशी सुरू करतात. खोदून विचारल्यावर कळलं की सर त्या दिवसांत डोंबिवलीला मावसभावाकडे होते, दाढ काढायला. मी म्हटलं, "सर, डोंबिवली म्हणजे मुंबई नव्हे." तर म्हणाले, "बाई, डोंबिवलीला कमी लेखू नका. कापरेकरांना डेम्लो संख्या तिथल्याच स्टेशनावर सुचल्या." आणि फळ्यावर १११ चा वर्ग काढून दाखवला. १२३२१. दाढेचा विषय त्यात राहून गेला.

इथपर्यंत हे एखाद्या नादिष्ट शिक्षकाचं वर्णन झालं, असे शिक्षक तुम्हीही पाहिले असतील. आमच्या सरांचा दुसरा नाद सहलीचा. सहल म्हणजे प्रतापगड आणि महाबळेश्वर नव्हे. सरांना खाण्याचे पदार्थ जिथे तयार होतात तिथेच जायचं असतं. दूध डेअरी, गुऱ्हाळ, साखर कारखाना, पोहे-चुरमुऱ्याची भट्टी, एकदा तर बर्फाचा कारखाना, "कारण गोळ्याचा बर्फ येतो कुठून?" दहावीच्या भूगोलाच्या पुस्तकात पहिलाच धडा क्षेत्रभेटीचा आला तेव्हा सरांना कोण आनंद! भूगोलाच्या बाईंनी तो धडा वर्गात वाचून संपवला. सरांनी तोच धडा हेडसरांच्या टेबलावर ठेवून परवानगी काढली.

मी मराठीची. पण मुली असल्या की सोबत एक बाई लागते आणि ती बाई मी असते. शैक्षणिक सहलीला एसटी निम्म्या भाड्यात मिळते म्हणून सर खासगी बस घेत नाहीत. निघायच्या आधी मोजणी होते, आणि ती साधी होत नाही. खेळाचे सर बोटानं डोकी मोजून मोकळे होतात. बाकी सर पोरांना आधी तीन-तीनच्या रांगेत उभं करतात, मग पाच-पाचच्या, मग सात-सातच्या. प्रत्येक वेळी शेवटी किती उरले तेवढंच बघतात. तिनाला एक, पाचाला दोन, साताला दोन. "सदतीस," सर म्हणतात. आर्यभटाचा कुट्टक असाच बाक्यांवरून संख्या शोधतो, हे सांगून होईपर्यंत ड्रायव्हर खाली उतरून दुसरा चहा घेऊन आलेला असतो. खेळाचे सर दरवेळी म्हणतात, "मी मघाशीच सदतीस म्हटलो होतो." "तुम्ही मोजलं," बाकी सर म्हणतात, "आम्ही काढलं."

हायवेला लागलं की गाड्यांच्या पाट्या. चार आकडे घ्यायचे, मोठ्यात मोठी संख्या करायची, त्यातून लहानात लहान वजा करायची, जे येईल त्याचं पुन्हा तेच. कापरेकरांची करामत अशी की जास्तीत जास्त सात वेळा केलं की ६१७४ येतंच आणि मग तिथून हलत नाही. ५२०८ नंबरचा टेम्पो पुढं गेला. आठ हजार पाचशे वीसातून दोनशे अठ्ठावन्न, ८२६२. मग ६३५४, ३०८७, ८३५२ आणि ६१७४. पाच पायऱ्या. अख्खी एसटी ओरडते. कंडक्टरसुद्धा तिकिटांच्या नंबरवर करून बघतो.

अट एकच, चारही आकडे सारखे नकोत. आमच्या भागात नेमकं हेच दुखणं. हौशी माणसं पैसे मोजून ७७७७ घेतात. तसली एक पांढरी गाडी सिग्नलला एसटीच्या बाजूला येऊन थांबली. काचा खाली, आत कडक इस्त्रीचे कपडे, मागच्या काचेवर कुणाचा तरी वाढदिवस. पोरांनी वजाबाकी केली आणि पस्तीस-छत्तीस गळे एकदम ओरडले, "शून्य!" आतल्या गृहस्थांनी वर पाहिलं. पोरांनी बोटं दाखवून पुन्हा सांगितलं, "शून्य! शून्य!" सिग्नल सुटेपर्यंतचा तो काळ फार मोठा होता. सर खिडकीतून हात जोडून म्हणत होते, "तुम्हाला नाही साहेब, नंबरला."

डेअरीत सरांना आत घ्यायला आता साहेब लोक जरा बिचकतात. मार्गदर्शन करायला आलेला तरुण अधिकारी पाठ केल्यासारखं सांगत होता, की दूध बहात्तर अंशांवर पंधरा सेकंद ठेवून एकदम थंड करतात, याला पाश्चरायझेशन म्हणतात. सरांनी हात वर केला. "दूध वाहतं असतं ना? मग त्याला पंधरा सेकंद झाले हे कसं कळतं?" अधिकाऱ्यानं नळीची लांबी आणि वेग यावर काहीतरी सांगितलं. "लांबी किती?" मग वेग किती. मग व्यास. अधिकारी म्हणाला, "सर, मी बघून सांगतो." गेला तो ऑपरेटरला घेऊन आला, ऑपरेटर कुठलीतरी जुनी वही घेऊन आला, आणि आमची पोरं पाऊण तास त्या नळीसमोर बसून गणित करत होती. सुगंधी दूध मिळायचं ते गरम झालं.

पण त्याच डेअरीत एक गोष्ट घडली. फॅट तपासायच्या टेबलापाशी आमच्या नववीतला एक मुलगा पुढं झाला. चाचणीत वीसपैकी तीन मिळवणारा. गायीच्या दुधाला साडेतीन फॅट आणि साडेआठ एसएनएफ, म्हशीच्याला सहा आणि नऊ, त्याच्या खाली आलं तर दर कसा तुटतो, वर गेलं तर किती वाढतो, हे तो बोटं न मोडता सांगत होता. घरी चार म्हशी. पहाटे संकलन केंद्रावर हाच जातो, चिठ्ठी हाच तपासतो, आणि तिथल्या माणसानं दशांशचिन्ह इकडंतिकडं केलं तर भांडतोही हाच. सर ऐकत राहिले. मला वाटलं, आता भारावून काहीतरी बोलणार. त्यांनी पिशवीत हात घातला.

"सर, नको," पोरगं म्हणालं. "परीक्षा रविवारी सकाळी असती. धारा कोण काढणार?"

"काढून ये. मी फाटकाशी उभा राहतो."

आणि राहिले. पहिली घंटा झाली तरी पोराचा पत्ता नव्हता. सर केंद्राच्या फाटकाशी आणि आत पर्यवेक्षक सरांवर चिडलेले. दुसऱ्या घंटेला सायकल आली, कॅरिअरला रिकामी किटली तशीच बांधलेली. पोरगं आत पळालं आणि सर बाहेर अडीच तास ती किटली धरून बसले. निकालात त्याचं नाव नव्हतं. पेढे मिळाले. पुढच्या वर्षी त्यानं फॉर्म स्वतः मागून घेतला आणि शुल्कही आणलं, ते बघून सरांना डायरीत काय लिहावं ते सुचेना.

सरांचं खरं तीर्थक्षेत्र गुऱ्हाळ. दिवाळीनंतर करवीर तालुक्यात रस्त्यानं जाताना वास येऊ लागला की सर एसटीतल्या एसटीत उभे राहतात. चुलवाणात चिपाडं ढकलणारा जळव्या, उकळती काहिली, मळी काढायला भेंडीचं पाणी. मुलांना रस मिळतो, काकवी मिळते, शेवटी वाफ्यातला कोमट गूळ भाजक्या शेंगदाण्याबरोबर. सर या सगळ्यातून थर्मामीटर बाहेर काढतात. "एकशे अठराच्या आसपास उतरवतात, बघूया." त्यांनी तो काहिलीकडे नेला तसा गुळव्या ओरडला, "सर, काचंचं काय घालू नगासा! फुटलं तर समदा गूळ ग्येला." मग त्यानं पळीभर पाक गार पाण्यात टाकला, बोटांनी त्याची गोळी वळली, डब्याच्या काठावर आपटली, टण्ण वाजली. "उतरा," म्हणाला. सरांनी थर्मामीटर खिशात ठेवला आणि पोरांना सांगितलं, "हे लिहून घ्या." काय लिहायचं ते कुणालाच कळलं नाही. सगळ्यांनी 'टण्ण' असं लिहिलं.

अंगणात एक रिकामी काहिली धुऊन ठेवली होती. तिच्यात रसाची काळी खूण उमटलेली. सरांनी खिशातली सुतळी काढली, पोरांना आत उतरवून खुणेपाशी गोल फिरवली, लांबीला बावीस सप्तमांशांनी भागून, निम्मं करून त्रिज्या काढली, एकशे दहा सेंटीमीटर. खोली पस्तीस. धरली वृत्तचिती, आलं उत्तर, १३३१ लिटर. गुळव्याला विचारलं, एका वेळी रस किती? "साडेअकराशे." सर म्हणाले, तुमचं चुकतंय. गुळव्या म्हणाला, "माझं कसं चुकंल? माझी काहील हाय."

तेवढ्यात मागून एक मुलगी बोलली. वर्गात सहसा बोलत नाही ती. "सर, कड तिरकी हाय की. खाली बारीक आहे." खाली सुतळी फिरवली. पंचाण्णव. म्हणजे ही वृत्तचिती नाहीच, हा शंकूछेद, महत्त्वमापनाच्या धड्यातला, ज्याचं सूत्र कुणाच्या लक्षात राहत नाही. मातीत काटकीनं सूत्र लिहिलं गेलं. उत्तर आलं, ११५७ आणि वर थोडं.

माणूस चुकला की ओशाळतो. सर नाचायचेच बाकी होते. त्यांनी मुलीला मूठभर लिमलेटच्या गोळ्या दिल्या, गुळव्याशी हात मिळवला, जळव्याशीही मिळवला. "सात लिटरचा फरक!" ते पुन्हा पुन्हा सांगत होते. गुळव्या म्हणाला, "सात लिटर पोरांनीच पिलं असंल."

निघताना पुन्हा मोजणी. तिनाच्या रांगा झाल्या, सरांनी शेवटी पाहिलं. दोन उरले. सकाळी एक होता. पाचाला तीन. साताला तीन. सर्वत्र एकेक जास्त. सरांचा चेहरा उतरला. पोरगं हरवलं तर काय करायचं हे ठाऊक असतं, वाढलं तर काय करायचं? खेळाच्या सरांनी बोट फिरवून मोजलं आणि तेही अडतीसवर येऊन थांबले.

अडतिसावा रांगेच्या टोकाला उभा होता. शेजारच्या रानात ऊसतोडीची टोळी उतरली होती, तिच्यातला. अंगात मोठ्या भावाचा शर्ट, हातात गूळ. रांग संपली की गोळी मिळते, हे त्यानं सकाळपासून बघून ठेवलं होतं आणि तिन्ही मोजण्यांना तो शिस्तीत उभा राहिला होता. सरांनी विचारलं, "कितवीत?" "तिसरीत." "शाळा कुठं?" त्यानं मान हलवून लांब कुठंतरी दाखवलं. सरांनी त्याला दोन गोळ्या दिल्या, काळी डायरी काढली, नाव विचारून लिहून घेतलं आणि म्हणाले, "पुढच्या वर्षी चौथीत जाशील. मग स्कॉलरशिपला बसायचं. बसून तर बघ, जातंय काय?" पोरगं गोळी चोखत उभं होतं. त्यानं "बरं" म्हटलं.

परवा स्टाफरूममध्ये या वर्षीच्या सहलीचा कागद फिरत होता. ठिकाण: गुऱ्हाळ (तेच). मी विचारलं, तेच कशाला, या वेळी साखर कारखाना बघू, हेडसरही तेच म्हणतायत. सर म्हणाले, "शंकूछेद नीट झाला नाही गेल्या वेळी." खाली कामांची वाटणी होती. प्रथमोपचार पेटी खेळाचे सर. संमतिपत्रं वर्गशिक्षक. भाजके शेंगदाणे, मराठीच्या बाई. मला न विचारताच.

"सर, या पिठलं-भाकरीच्या वयाच्या पोरांना शेंगदाणे किती लागतात माहीत आहे का तुम्हाला? सदतीस जणांना दोन किलो तरी हवेत."

सरांनी कागद माझ्या हातून घेतला, लाल पेनानं आकडा खोडला.

"अडतीस धरा, बाई."